संधिशारीराची उपेक्षा

आपल्या कोणत्याही चिकित्सालयात सकाळच्या वेळी बाकावर बसलेल्या रुग्णांकडे दृष्टी टाकली, तर त्यांपैकी काहीजण तरी सांध्यांच्या दुखण्याने आलेले असतात, हे सर्व वैद्यबंधू-भगिनींच्या अनुभवाचे आहे. औषधालयाच्या फळीवरील सर्वांत लवकर संपणारी बाटली कोणती, असे एखाद्या औषधविक्रेत्यास विचारले, तर तो बहुधा सांधेदुखीच्या तेलाचेच नाव घेईल. ज्या अवयवाच्या व्याधींवर आपल्या व्यवसायाचा एवढा मोठा भाग अवलंबून आहे, त्या अवयवाची रचना आपण शेवटची कधी उघडून वाचली, आणि रुग्णाचा सांधा हाती धरून त्याच्या सर्व दिशांच्या हालचाली शेवटच्या कधी तपासल्या, हा प्रश्न आम्ही प्रथम स्वतःस विचारला आणि उत्तराने आम्ही ओशाळलो. म्हणूनच हे चार शब्द.

प्रथम वर्षाच्या मौखिक परीक्षेचा प्रसंग बहुतेकांस स्मरत असेल. परीक्षक विचारतात, संधी किती? विद्यार्थी म्हणतो, दोनशे दहा. प्रकार किती? विद्यार्थी एका श्वासात कोर, उलूखल, सामुद्ग, प्रतर, तुन्नसेवनी, वायसतुंड, मंडल, शंखावर्त अशी आठ नावे म्हणून दाखवतो. गुण मिळतात आणि विषय संपतो. आमच्या वेळी शवविच्छेदनगृहात पेशी, सिरा, धमन्या पाहून होईपर्यंत सत्र संपत येई आणि एखादा गुडघा उघडून आतील कूर्चा बोटाने चाचपून पाहण्याची पाळी क्वचितच येई. पुढे कायचिकित्सेत संधिगतवाताची लक्षणे आली, गुग्गुळाचे कल्प आले, बस्ती आले. पण वात ज्या ठिकाणी ‘गत’ झाला, ते ठिकाण मात्र मागे राहिले ते राहिलेच.

वास्तविक सुश्रुताचार्यांच्या शारीरस्थानातील पाचवा अध्याय शांतपणे वाचला, तर आठ नावांच्या यादीपेक्षा त्यात पुष्कळ अधिक आहे असे दिसून येते. आचार्यांनी संधींचे दोन वेगवेगळ्या निकषांवर दोनदा विभाजन केले आहे. पहिला निकष चेष्टेचा. शाखा, हनू, कटी व ग्रीवा येथील संधी चेष्टावंत, बाकीचे स्थिर. दुसरा निकष आकृतीचा, आणि त्यात ही आठ नावे येतात. हे दोन निकष परस्परांना छेदून जातात, ही गोष्ट आम्हांस विद्यार्थिदशेत कोणी सांगितली नव्हती. उलूखल हा प्रकार पाहावा. कक्षा, वंक्षण आणि दशन या तिन्ही ठिकाणी उलूखल संधी सांगितला आहे. खांदा व जांघ येथील संधी शरीरातील सर्वाधिक फिरणारे, तर दाताचा संधी जवळजवळ अचल. तरीही तिघांची आकृती एकच, म्हणजे उखळ आणि त्यात बसलेले मुसळ. औषधी कुटून ज्यांचे हात घट्टे पडले आहेत, त्या आपल्या औषधनिर्मात्यांना ही उपमा समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. आकृती एक असूनही गती भिन्न असू शकते, हे आचार्यांनी न सांगता सांगून ठेवले आहे.

आधुनिक शारीरात विभाजनाचा पहिला निकष निराळा आहे. दोन अस्थींना बांधणारे द्रव्य कोणते, हे तेथे प्रथम पाहतात. कवटीच्या शिवणी व दातांची मुळे तंतूंनी बांधलेली; मणक्यांमधील गाद्या व जघनास्थींचा जोड कूर्चेचा; आणि हातापायांतील बहुतेक सांधे असे की ज्यांत दोन्ही अस्थींच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा, सभोवती कोश, कोशाच्या आतून पातळ आवरण आणि मधल्या पोकळीत स्निग्ध द्रव असतो. या तिसऱ्या वर्गाचे पुन्हा आकृतीवरून सहा पोटभेद केले जातात : सरकता, बिजागरीचा, खुंटीचा, लंबगोल, खोगिराचा आणि उखळीचा. म्हणजे दात व खांदा यांना सुश्रुतांनी एका घरात ठेवले, तर आधुनिकांनी त्यांना दोन टोकांच्या घरांत ठेवले. यात एक बरोबर व दुसरा चूक असे काही नाही. कपाटातील पुस्तके कोणी विषयाप्रमाणे लावील, कोणी आकाराप्रमाणे.

आमच्या व्यवसायात या बाबतीत दोन पक्ष पडलेले आहेत आणि दोघांचेही आम्हांस पटत नाही. एक पक्ष म्हणतो, प्राचीनांची संख्या आजच्या संख्येशी जुळत नाही, तेव्हा ते सारे परीक्षेपुरते ठेवावे. दुसरा पक्ष प्रत्येक प्राचीन संधीला एकेक आधुनिक नाव चिकटवून संख्या जुळल्याचा आनंद मानतो. पृष्ठवंशातील चोवीस संधी हे त्याचे ठळक उदाहरण. मानेचे सात, पाठीचे बारा आणि कमरेचे पाच असे सुटे मणके मिळून चोवीस होतात, म्हणून जुळले असे सांगितले जाते. परंतु सुश्रुतांनी ग्रीवेचे आठ संधी निराळे मोजले आहेत, हे सांगणारे सोयीस्करपणे विसरतात. उलट, ज्या नाडीत अठरा संधी सांगून त्यांना मंडल म्हटले आहे, ती श्वासनलिका धरली, तर तिच्या कूर्चांच्या कड्या आजही सोळा ते वीस मोजल्या जातात. येथे साम्य मनोहर आहे, तरी त्यावर विजयोत्सव करावा असे आम्हांस वाटत नाही. चरकाचार्यांनी दोनशे संधी सांगितले, सुश्रुताचार्यांनी दोनशे दहा. आणि पेशी, स्नायू व सिरा यांचे संधी मोजता येण्याजोगे नाहीत, ही गणना अस्थिसंधींपुरतीच आहे, असेही सुश्रुतांनी तेथेच स्पष्ट केले. मोजणाऱ्याने आपल्या मोजणीची मर्यादा सांगून ठेवली असताना तिच्यासाठी आपण भांडावे, हे योग्य नव्हे.

हे ज्ञान त्यांनी मिळवले कसे, तेही त्याच अध्यायात आहे. प्रेत मुंज इत्यादिकांनी वेष्टून, पिंजऱ्यात ठेवून, वाहत्या पाण्यात सात रात्री कुजवायचे आणि मग कुंच्याने हलकेच घासत एकेक थर पाहायचा. या पद्धतीत मृदू भाग निघून जातात, अस्थी आणि त्यांना बांधणारे स्नायू शेवटपर्यंत टिकतात. आकृतीवर त्यांचा भर का, याचे उत्तर कदाचित या पद्धतीतच असेल. ‘स्नायू’ या शब्दाविषयीही येथेच सावध केले पाहिजे. मराठी शालेय पुस्तकांत स्नायू म्हणजे मांस, तर संहितेत स्नायू म्हणजे बंधन. फळ्या अनेक बंधांनी आवळलेली नौका जशी पाण्यात भार वाहते, तसे स्नायूंनी बांधलेले संधी देहाचा भार वाहतात, अशी उपमा आचार्य देतात. रुग्ण ‘स्नायू दुखावला’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात मांडीचे मांस असते, आणि आपण मात्र संहितेतील स्नायुगतवात मनात धरून औषध लिहितो. असे गोंधळ आम्ही प्रत्यक्ष पाहिले आहेत.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. तो गुडघ्याचा आहे.

‘गुडघ्यातील वंगण संपले’ हे वाक्य आज महाराष्ट्रातील घराघरांत पोहोचले आहे. रुग्ण ते म्हणतो, त्याचा जावई म्हणतो आणि दुर्दैवाने आपल्यापैकी अनेकजणही तेच म्हणतात. कारण त्यामागोमाग ‘हे तेल वंगण परत आणील’ असे म्हणता येते. सुश्रुताचार्यांनी श्लेष्मधरा कलेचे वर्णन करताना वंगण घातलेल्या आसाभोवती फिरणाऱ्या चाकाची उपमा दिली आणि वाग्भटाचार्यांनी संधींतील त्या कफास श्लेषक हे नाव दिले. उपमा अचूक आहे. तिचा आपण केलेला उपयोग मात्र चुकीचा आहे. निरोगी गुडघ्यात हा द्रव जेमतेम काही मिलिलिटर, दोन पृष्ठभागांवर पातळ थर बसेल एवढाच असतो. झिजलेल्या गुडघ्यात तो ‘संपत’ नाही; अनेकदा तो वाढतो, गुडघा फुगतो, पण त्याचा चिकटपणा व गुण घटलेले असतात. चरकाचार्यांनी संधिगतवातात हवा भरलेल्या चामड्याच्या पिशवीसारखा स्पर्श सांगितला आहे, हे येथे आठवावे. झिजते ती कूर्चा. या कूर्चेला रक्तवाहिन्या नाहीत आणि संवेदना वाहणारे तंतूही नाहीत. तिचे पोषण भोवतालच्या द्रवातून होते, तेही सांध्यावर भार पडून व सुटून, म्हणजे हालचालीने. पाण्यात बुडवलेला कापसाचा बोळा दाबावा आणि सोडावा, तसे.

या एका रचनेतून चिकित्सेच्या किती गोष्टी निघतात ते पाहावे. कूर्चेला वेदना कळत नाही, म्हणून दुखणे येते ते आवरणातून, कोशातून, अस्थीतून आणि भोवतालच्या पेशींतून. त्यामुळे क्ष-किरण चित्रात पुष्कळ झीज असूनही रुग्ण सुखाने चालतो आणि अल्प झीज असलेला कण्हतो. चित्र पाहून रुग्णास ‘तुमचा गुडघा गेला’ असे सांगणे म्हणूनच अशास्त्रीय आहे. तसेच, पोषण चेष्टेने होते, म्हणून जानुबस्ती झाल्यावर रुग्णास महिनाभर ‘हलू नका’ असा सल्ला देणे म्हणजे श्लेषक कफाचे काम थांबवणे होय. मांडीच्या पुढील पेशींना बळ देणारे साधे व्यायाम न सांगता केवळ उडदाच्या पिठाचे आळे करून त्यात तेल भरणारे चिकित्सक आम्हांस अर्धेच काम करताना दिसतात. आम्ही स्वतः अनेक वर्षे तेवढेच करत होतो.

गुडघा हा कोर संधी, बिजागरीसारखा, एवढे म्हणून थांबणेही पुरेसे नाही. दरवाजाची बिजागरी एकाच आसाभोवती फिरते. गुडघ्यात मांडीचे हाड नडगीच्या हाडावर लोळते आणि त्याच वेळी सरकते; पाय सरळ होत असताना शेवटच्या काही अंशांत नडगी किंचित बाहेरच्या बाजूस वळते आणि सांधा कुलूप लागावे तसा घट्ट होतो. म्हणून आपण फार श्रम न होता उभे राहू शकतो. वाकताना गुडघ्यामागील पॉप्लिटियस नावाची छोटी पेशी हे कुलूप उघडते. ज्या रुग्णाचा पाय शेवटचे दहा अंश सरळ होत नाही, त्याचे कुलूप लागतच नाही, आणि उभे असेपर्यंत त्याच्या मांडीच्या पेशींना सतत राबावे लागते. आपण रुग्णास ‘गुडघा किती वाकतो?’ असे विचारतो. ‘किती सरळ होतो?’ असे फार थोडे वैद्य विचारतात. रुग्णास उताणे झोपवावे आणि गुडघ्याखाली हात सरकवून पाहावा, दोन्ही बाजूंची तुलना करावी. अर्धे मिनिट पुरते. आणि घरी बरे वाटते म्हणून गुडघ्याखाली उशी घेऊन झोपण्याची सवय रुग्णास असेल तर ती मोडावी, कारण त्या उशीने सांधा वाकलेल्या स्थितीतच आखडत जातो.

आता आमच्या हातून घडलेली चूक सांगतो. ती सांगण्यात संकोच वाटतो, पण न सांगण्यात अधिक दोष आहे.

काही वर्षांपूर्वी चव्वेचाळीस वर्षांचे एक गृहस्थ, व्यवसायाने बसवाहक, उजव्या गुडघ्याच्या वेदनेसाठी आमच्याकडे आले. गुडघा सुजलेला नव्हता, करकरत नव्हता, पूर्ण वाकत होता आणि पूर्ण सरळही होत होता. इतका निर्दोष गुडघा दुखतो कसा, हा प्रश्न त्याच क्षणी मनात यावयास हवा होता. आला नाही. आम्ही अभ्यंग, स्वेदन, जानुबस्ती केले, योगराज गुग्गुळ दिला आणि अडीच महिने ‘वात जुना आहे, वेळ लागेल’ असे सांगत राहिलो. सोबत येणाऱ्या त्यांच्या पत्नी एके दिवशी म्हणाल्या, “वैद्यबुवा, गुडघा तुम्ही दर खेपेला बघता, पण यांना हल्ली मांडीच घालता येत नाही. बूटसुद्धा मीच चढवते.” गुडघा पूर्ण वाकत असता मांडी का येऊ नये? आम्ही त्यांना उताणे झोपवले, जांघ व गुडघा काटकोनात वाकवला आणि पाऊल बाहेरच्या बाजूस नेऊन मांडी आत वळवण्याचा यत्न केला. ती वळेचना, आणि गृहस्थ कळवळले. दुखणे गुडघ्यात नव्हते. ते वंक्षणसंधीत होते. जांघेच्या सांध्याला आणि गुडघ्याला संवेदना पुरवणाऱ्या नाड्या काही अंशी एकच असल्याने जांघेचे दुखणे गुडघ्यात जाणवते, ही गोष्ट आम्ही कधीतरी वाचलेली होती. चित्रात मांडीच्या अस्थीचे गोल शिर रक्तपुरवठ्याअभावी खचलेले दिसले. पुढे त्यांना कृत्रिम सांधा बसवावा लागला.

वृत्त विचारता आणखी एक गोष्ट बाहेर आली. कंबरदुखीसाठी हे गृहस्थ दोन वर्षे आठवडी बाजारातील एका विक्रेत्याकडून ‘जडीबुटीची पूड’ घेत होते. पुडी घेतली की त्याच दिवशी वेदना नाहीशी, भूक उत्तम, चेहरा भरलेला. पुडी चुकली की अंग मोडून येई. त्या पुडीचे रासायनिक परीक्षण झाले नाही, म्हणून तिच्यात काय होते हे आम्ही निश्चयाने सांगू शकत नाही. परंतु गोल झालेला चेहरा आणि खचलेले अस्थिशिर पाहून शल्यतज्ज्ञांनी स्टेरॉइडचा जो संशय व्यक्त केला, तो आम्हांस ग्राह्य वाटला. दीर्घकाळ घेतलेल्या स्टेरॉइडने मांडीच्या अस्थीचे शिर मरू शकते, हे सर्वमान्य आहे. दोष त्या विक्रेत्याचा असेलच. पण अडीच महिने वंक्षणसंधी न वळवणारे हात आमचे होते.

या प्रसंगानंतर गुडघ्याची तक्रार घेऊन येणाऱ्या प्रत्येकाची जांघ आम्ही प्रथम वळवून पाहतो. मांडी घालून बसण्यास गुडघ्याचे वाकणे लागते तसे जांघेचे बाहेर वळणेही लागते, आणि उकिडवे बसण्यास त्यांच्यासह घोट्याचेही वाकणे लागते. आपला रुग्ण दिवसातून अनेकदा ही आसने करतो. ‘मांडी येत नाही’ या एका वाक्यात तो आपणांस सांध्यांची यादीच देत असतो. सुश्रुतांनी जानू, कूर्पर, गुल्फ, मणिबंध यांची गणना संधिमर्मांत केली, आणि जानुमर्माच्या आघाताने खंजता येते असे सांगितले. खंजता म्हणजे लंगडणे, आणि ते चालीत दिसते. रुग्ण दारातून खुर्चीपर्यंत येतो ती दहा पावले पाहण्याऐवजी आपण त्या वेळी आधीच्या रुग्णाच्या पुड्या बांधत असतो.

खांद्याविषयी थोडक्यात. हात पूर्ण वर जातो त्या एकशे ऐंशी अंशांपैकी सुमारे एकशे वीस अंश उखळीच्या सांध्यातून येतात आणि साठ अंश अंसफलक बरगड्यांवर सरकल्याने येतात. सुश्रुतांनी कक्षेत उलूखल व अंसपीठात सामुद्ग असे दोन निराळे संधी सांगितले, त्यामागे हीच दुहेरी रचना असावी, असे आमचे मत आहे. विद्वानांनी त्याचा विचार करावा. उपयोग असा की अवबाहुकाचा रुग्ण अंसफलक उचलून हात बराच वर नेतो आणि आपण ‘सुधारणा आहे’ असे लिहून मोकळे होतो. एका हाताने अंसफलक दाबून धरावा, मग खरी मर्यादा कळते. कोपर अंगाशी ठेवून हात बाहेर वळवण्यास सांगावे. कोश आखडलेला असेल तर ही हालचाल बहुधा सर्वांत आधी व सर्वांत अधिक गेलेली असते. अंसबंधनाचा शोष आणि सिरांचा संकोच हे अवबाहुकाचे वर्णन वाचताना हाच आखडलेला कोश डोळ्यांपुढे येतो. अशा रुग्णाच्या रक्तातील साखर अवश्य पाहावी. मधुमेह्यांत हा विकार अधिक आढळतो.

औषधनिर्माते व औषधविक्रेते बांधवांस या सर्वांशी काय कर्तव्य, असे कोणी म्हणेल. आमच्या मते फार आहे. ‘सर्व प्रकारच्या सांधेदुखीवर’ हे शब्द ज्या बाटलीवर असतात, ती बाटली आमवातातही वापरली जाते. आम असताना स्नेहाभ्यंग करू नये, तेथे वालुकापोट्टलीसारखा रूक्ष स्वेद द्यावा, हे आपण सारे शिकलो. सकाळी तास-दीड तास बोटे न वळणाऱ्या, दोन्ही मनगटे सुजलेल्या स्त्रीस तेल चोळायला देणारा औषधविक्रेता शास्त्राविरुद्ध वागतो, मग तेल कितीही उत्तम सिद्ध केलेले असो. पायाच्या अंगठ्याचे मूळ रात्रीतून लाल व अस्पर्श्य झाले तर वातरक्ताचा विचार हवा. विशी-तिशीतील तरुणाची कंबर पहाटे आखडते आणि चालल्यावर मोकळी होते, तर त्रिकाजवळचा तो स्थिर, शिवणीसारखा संधी दूषित झाला आहे का, हे पाहिले पाहिजे. आणि ताप येऊन एकच सांधा तप्त, सुजलेला, हलवू न देणारा असेल, तर तेल, लेप, गुग्गुळ काहीही न देता त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे; सांध्यात पू झाला असल्यास कूर्चा काही दिवसांत नष्ट होते. गल्ल्यावर बसलेल्या माणसाने कोणता सांधा, एक की अनेक, सकाळी किती वेळ आखडतो, ताप आहे का आणि आणखी कोणती पूड घेता, हे पाच प्रश्न विचारावेत. एवढ्याने विक्री थोडी कमी होईल हे आम्ही जाणतो.

जाहिरातींविषयी अधिक लिहीत नाही. १९५४ च्या औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या अनुसूचीत ऱ्हुमॅटिझम हा शब्द आहे, एवढे स्मरण पुरे. गुग्गुळाचा वृक्ष आज जगातील अतिसंकटग्रस्त वनस्पतींत गणला जातो. निदान न करता दिलेली प्रत्येक गोळी त्याच झाडावरून येते.

कविराज गणनाथ सेन यांनी ‘प्रत्यक्षशारीरम्’ संस्कृतात लिहिले ते वैद्याने मृत देह उघडून पाहावा म्हणून, आणि भास्कर गोविंद घाणेकरांनी सुश्रुताच्या शारीरस्थानावर विस्तृत टीका केली ती दोन्ही शास्त्रे एका मेजावर ठेवता यावीत म्हणून. ते ग्रंथ आपल्या अनेकांच्या कपाटात आहेत. आमची संघटनेस विनंती आहे की यंदाच्या वार्षिक संमेलनात एक संपूर्ण दिवस संधिशारीरास द्यावा आणि तो व्याख्यानांचा नसावा. जिल्ह्यातील आयुर्वेद महाविद्यालयाच्या शवविच्छेदनगृहात गुडघा, खांदा व जांघ उघडून दाखवाव्यात. दुपारी सभासदांनी दोन-दोनच्या जोड्या करून एकमेकांचे सांधे तपासावेत. औषधनिर्मात्यांसही बोलवावे. चिकित्सालयात ठेवण्याजोगे संधिपरीक्षेचे एकपानी पत्रक आम्ही तयार केले आहे. त्यात प्रत्येक सांध्यासमोर त्याच्या हालचाली आणि दोन्ही बाजूंचे अंश लिहिण्याची जागा ठेवली आहे. पहिल्या ओळीत वंक्षणसंधी आहे. ज्या सभासदांस ते हवे असेल त्यांनी संघटनेच्या कार्यालयाकडे मागणी करावी, आणि त्यात काय राहून गेले तेही कळवावे.